भाकरतुकडा

मृणाल आपल्या परदेशी नवऱ्याला घेऊन विमानतळाबाहेर आली, तेव्हा टॅक्सीच्या रांगेजवळ तिची आई अनसूयाबाई भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. त्या जावयावरून तुकडा ओवाळणार, तोच सुरक्षा अधिकारी धुळप गरजले, “ओ बाई, ही थेरं घरी करा! हा विमानतळ आहे, कुणाचा उंबरठा नव्हे!”

“घरचं दार हिच्या वडिलांनी बंद केलंय, साहेब. पोरं इथून हॉटेलातच जायची,” अनसूयाबाई म्हणाल्या. “पण तुमच्या माणसांनी आत्ताच जावयाला नावगाव विचारलं, शिक्का मारला आणि आत घेतलं. जिथं माणसाला आत घेतात, तोच उंबरठा ना?”

धुळपांनी आपली पाण्याची बाटली पुढे केली.

“नुसता तुकडा काय ओवाळता? पाणी घ्या.”