राईचा तळ

“पण आता त्यांचा मठाला उपयोग काय, महाराज?”

प्रश्न त्रिविक्रमाचा होता. येत्या पौर्णिमेला तो निर्मळनाथांच्या गादीवर बसणार होता. त्याआधी सोनूबुवांना मठातून निरोप द्यावा, असा त्याचा आग्रह होता.

सोनूबुवा मठातले सर्वांत वृद्ध साधक. साऱ्या आयुष्यात त्यांना एक स्तोत्र धड पाठ झाले नाही. ध्यानाला बसले की डोळा लागे. आता तर अंथरूणच धरले होते.

“घोरतात मात्र खरे,” निर्मळनाथ हसले. “परवा मला वाटलं, दारात म्हैस आली.”

“थट्टा नको, महाराज. त्यांना गावी पाठवायची आज्ञा द्या.”

“गावी कोण आहे त्यांचं?”

“कुणी नाही.”

“बरं. देतो आज्ञा. आधी मला राईची जमीन दाखव.”

मठाच्या उताराखाली रानजायफळांची राई होती. देवाच्या नावाने राखलेली, बारमाही पाण्यात उभी. तिचा नियम एकच. आत पडलेले आतच राहते. पान नाही, काटकी नाही, फळही बाहेर न्यायचे नाही.

दोघांनी पायताणे काठावर काढली आणि मुळांवर पाय देत ते आत शिरले.

आत उजेड हिरवा होता. खोडे सरळ वर जाऊन पर्णभारात नाहीशी झाली होती. काळ्या पाण्यातून मुळे वाकून वर आली होती. पाण्याखाली कुणी उकिडवे बसावे आणि त्यांचे फक्त गुडघे दिसावेत, तशी. गुडघ्यांवर शेवाळ, शेवाळात नेचे. कोणते मूळ कोणत्या झाडाचे, हे त्रिविक्रमाला सांगता येईना.

निर्मळनाथांनी आपली चिव्याच्या बांबूची काठी त्याच्या हाती दिली. ती त्याच्या डोक्याहून उंच होती.

“रोव.”

काठी जात राहिली. तिच्यामागून त्याचा हात कोपरापर्यंत पाण्यात गेला.

“जमीन लागत नाही, महाराज.”

“मग काय लागतं?”

त्रिविक्रमाने मूठ भरून वर काढली. पाने होती. काळी, एकमेकांना बिलगलेली. त्याने एक पान अलगद सोडवले. त्याची शीर न् शीर शाबूत होती.

“हे गेल्या वर्षीचं?”

“वरचं असेल. काठीच्या टोकाशी आहेत ती कधीची, कोण सांगणार? माझ्या गुरूंनीही इथं काठी रोववली होती माझ्याकडून. मीही जमीनच शोधत होतो.”

“तुम्हाला लागली?”

“पानं लागली.”

त्रिविक्रमाने वर पाहिले. मग पायांखाली पाहिले. त्याचा आवाज आपोआप उतरला.

“एवढी झाडं… मग उभी कशावर आहेत?”

वरून एक पान सुटले, गिरक्या घेत आले आणि पाण्यावर टेकले. आवाज झाला नाही…

“महाराज, सोनूबुवांना…”

तळव्यावरचे काळे पान त्याने कपाळाला लावले आणि झोळीत ठेवायला हात नेला.

गुरूंनी त्याचे मनगट धरले.

“राहू दे खाली. त्याचं काम अजून चालू आहे.”