बिनजोड आकडा

आंबेरीच्या देवळात हरभटशास्त्र्यांनी गावाला आव्हान दिलं, "दहा हजार एक! एक आणि तो स्वतः सोडले तर या आकड्याला कुणी भागत नाही. माझ्यासारखाच बिनजोड! भागून दाखवा, नाहीतर देवळाचा कारभार मला द्या."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. रोज दीपमाळ लावणारी गुरवाची विधवा चिमाबाई मात्र पुढे आली.

"दीपमाळेला दिवे त्र्याहत्तर. आमचे हे गेल्यापासून एकशे सदतीस संध्याकाळी ते मी एकटीनं लावले. किती झाले?"

शास्त्र्यांनी गुणाकार केला. बरोबर दहा हजार एक! त्यांचा चेहरा पडला.

"पण बाई, एकेक संध्याकाळ मोजत कशाला बसलीस?"

"घरी बोलायला कुणी नाही, शास्त्रीबुवा."

शास्त्र्यांच्या फजितीला हसत गाव घरी गेलं. चिमाबाईनं एकशे अडतिसाव्या संध्याकाळची पहिली वात पेटवली.