जपानची काच कोणती

"...पण सर, हा आजार तुम्ही या मुलीत शोधताच कशाला? बीजपेशींची गाठ ती. जपान्यांची, कोरियनांची. आपल्यात कुठे?"

हे मी ऐकायचं नव्हतं. 'ही मुलगी' म्हणजे माझी धाकटी बहीण शलाका. वय अकरा, उपचारासाठी आमच्याकडे आलेली.

मी चहाचा ट्रे घेऊन दाराबाहेर उभी होते. नव्या सुनेला ही एक सोय असते. हातात चहा असला की इथे का उभी, असं कुणी विचारत नाही.

शलाका तांब्यांनी पाणी प्यायची. वर्षभर तिचा एकही फ्रॉक आखूड झाला नव्हता. तपासलं तेव्हा मेंदूच्या तळाशी गाठ निघाली. माझे सासरे, अप्पा, मिरजेत आयुष्यभर पेशी तपासत आलेले. त्यांनी आपला जुना विद्यार्थी बोलावला : डॉक्टर मकरंद खांबेटे, मेंदूचे सर्जन, जपानात शिकून आलेले. फोनवर एमआरआय पाहून खांबेट्यांनी सोमवारचं ऑपरेशन ठरवूनही टाकलं होतं. कवटी उघडून गाठ काढायची.

"आणि तीच निघाली तर?" अप्पा म्हणाले.

"तर... कवटी उघडायला नको होती असं होईल. ती औषधांनी आणि किरणांनी विरघळते. पण नाही निघणार, सर. तिकडे मी पुष्कळ पाहिल्या. इकडे क्वचित."

"तिकडे जास्त का?"

"जनुकं."

"कोणती?"

"शोध चालू आहे."

"काही जण म्हणतात, फरक एवढा नाहीच, मोजायची तऱ्हा वेगळी."

"...त्याचाही चालू आहे."

"आणि इकडे मोजलं कुणी?"

खांबेटे हसले. "तुम्ही अजून तोंडी परीक्षाच घेता, सर!"

अप्पांनी कपाटातून काचपट्ट्यांची लाकडी पेटी काढली. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाला एक नियम ठाऊक होता : काच पाहिल्याशिवाय आजाराचं नाव तोंडातून काढायचं नाही.

दोन काचा त्यांनी धोतराच्या सोग्याने पुसल्या आणि मायक्रोस्कोपशेजारी ठेवल्या.

"दोन्ही त्याच गाठीच्या. एक ओसाकाच्या मित्रानं दिलेली, एक इथली. यातली जपानची कोणती?"

खांबेटे वाकले. एक काच पाहिली. दुसरी पाहिली. पुन्हा पहिली.

"कळत नाही, सर."

"नीट बघ."

"सारख्याच आहेत... तुम्हीच सांगा."

"मला कुठे ठाऊक? चिठ्ठ्या कधीच गळून पडल्या."

"सूनबाई," अप्पा दाराकडे न बघता म्हणाले, "चहा निवला. ठेव तो. ये, बघ."

मी डोळा लावला. मोठ्या, फिकट, नितळ पेशी. त्यांच्याभोवती गडद बारीक ठिपक्यांची दाटी, कुणाला भेटायला जमल्यासारखी. इतकं सुंदर असेल असं वाटलं नव्हतं. त्याचा रागही आला.

"पोटातल्या बाळाला अजून बोटं फुटलेली नसतात," अप्पा हळू म्हणाले. "तेव्हाच त्याच्या लेकरांची बीजं त्याच्या आत चालायला लागतात. जायचं असतं ओटीपोटात. एखादं वाट चुकतं आणि डोक्यात जाऊन बसतं, असं म्हणतात. एका किनाऱ्यावर जास्त का चुकतात, दुसऱ्यावर कमी का... खरंच चुकतात का..."

दोघं त्या काचेपुढे हात जोडल्यासारखे बसले होते.

शलाका पोटात असताना मी आईच्या पोटाला कान लावून बसायचे. मला फक्त गुडगुड ऐकू यायची. आत एवढं कुणी चालत होतं!

"सोमवारचं रद्द," शेवटी खांबेटे म्हणाले. "आधी रक्त, पाठीच्या कण्यातलं पाणी तपासू. तरी नाही कळलं तर गाठीचा एक बारीकसा तुकडा. मग काय ते नाव."

अप्पांनी मान हलवली.

खांबेट्यांनी गार चहा एका घोटात संपवला आणि मोबाइलवरची ती एमआरआयची फिल्म पुन्हा मोठी केली.

"घाबरू नका, वहिनी. आपल्याकडे हे लाखांत एखाद्याला."

लग्न होऊन आल्यापासून अप्पांच्या पाहुण्यांपुढे मी एक शब्द बोलले नव्हते.

"डॉक्टर," मी म्हणाले, "ती पलीकडच्या खोलीत जागी आहे. तुम्ही अजून तिला पाहिलेलं नाही."