उंबऱ्याआड अडलेल्या येसूची कहाणी

ऐका जिवतीमाते, तुझी कहाणी. आटपाट नगराच्या कडेला कोष्ट्यांची एक आळी होती. तिथं राहीबाई म्हणून एक कोष्टीण राहत असे. तिची लेकरं जन्मली की जात. मग तिनं तुला नवस केला, "एवढं एक जगव. माझ्या घरची बाळंतीण उंबरा ओलांडणार नाही, तुझ्या चित्रापुढंच मोकळी होईल." मुलगा जगला. त्याचं नाव लखमा ठेवलं. राहीबाईनं वसा धरला. श्रावणातल्या शुक्रवारी जिवती पुजी, पुरणाचे दिवे लावी, लेकुरवाळीला जेवू घाली. उतली नाही, मातली नाही.

पुढं लखमाचं लग्न झालं. सून आली, तिचं नाव येसू. अंगानं बारीक, वयानं कोवळी. न्हाण आलं न आलं तोच तिला दिवस गेले. दिवसभर ती मागासाठी सुताच्या कांड्या भरी, सगळ्यांमागून उरलंसुरलं खाई. नऊ महिने भरले, कळा सुरू झाल्या. आळीतली सुईण आली. तिनं पाहिलं आणि सांगितलं, वाट लहान आहे, डोकं अडलं आहे, हे माझ्या हाताबाहेरचं आहे, नगरात वैद्यिणीकडं न्या. लखमानं गाडी जोडली. राहीबाई दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, "नवसानं तू जगलास. नवस मोडला तर तुझ्यावर येईल." लखमानं बैल सोडले.

पहिला दिवस गेला. सुईण म्हणाली, न्या. राहीबाईनं अंगारा लावला. दुसरा दिवस गेला. सुईण म्हणाली, अजूनही न्या. राहीबाईनं दिव्यात तेल घातलं. तिसरा दिवस उजाडला. येसूनं सासूचा पदर धरला. मग मूल बाहेर आलं. मुलगा होता. रडला नाही.

राहीबाई म्हणाली, सून तरी वाचली. पण आठवडा झाला नाही तोच येसूचं अंथरूण ओलं होऊ लागलं. लघवी धरवेना. बसली तरी वाहे, उठली तरी वाहे, निजली तरी वाहे. तिनं पाणी पिणं कमी केलं, तर वास वाढला, मांड्या सोलवटल्या. मागावर बसावं तर सूत भिजे. आळी म्हणाली, हिचं काही पाप असेल. राहीबाईही तेच म्हणाली, कारण दुसरं काही म्हणायचं तर स्वतःकडं बोट जात होतं. मग येसूची पथारी परसातल्या खोपीत गेली. तिचं ताट वेगळं झालं. हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं. लखमानं दुसरी बायको केली. बरीच वर्षं गेली.

एका श्रावणात राहीबाईनं पूजा मांडली. दारी एक म्हातारी आली. राहीबाईनं तिला पाटावर बसवलं. म्हातारीनं विचारलं, घरच्या सगळ्या जेवल्या का? राहीबाई हो म्हणाली. म्हातारीनं पुन्हा विचारलं. राहीबाई पुन्हा हो म्हणाली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा राहीबाईनं मान खाली घातली. म्हणाली, परसात एक आहे, देवीचा कोप झालेली.

म्हातारी ताट उचलून खोपीत गेली. येसू मागं सरकली, म्हणाली, आजी, वास येईल. म्हातारी तिला खेटून बसली, तिला भरवलं, स्वतः जेवली. मग राहीबाईला म्हणाली, "बाई, मी लेकरं राखते. उंबरे राखायला तुला कुणी सांगितलं होतं?" एवढं म्हणून चालू लागली. राहीबाई मागं धावली, तो गल्लीत कुणी नव्हतं.

मग राहीबाईनं स्वतः गाडी जोडायला लावली. येसूला घेऊन नगरात वैद्यिणीकडं गेली. वैद्यिणीनं तपासलं. सांगितलं, हे पाप नव्हे, कोप नव्हे. मुलाचं डोकं हाडाशी अडून राहिलं, मधलं मांस चेपलं, रक्त पोचेना म्हणून मेलं, गळून गेलं. मूत्राच्या पिशवीला भोक पडलं, तेच वाहतं आहे. शिवता येईल. राहीबाईनं विचारलं, तेव्हाच आणली असती तर? वैद्यिणीनं हात धुतले. मग म्हणाली, "पोट चिरून मूल जिवंत काढलं असतं. हिला हे भोक पडलंच नसतं."

वैद्यिणीनं येसूला आधी खाऊ घातलं, अंगात रक्त भरू दिलं, मग भोक शिवलं. नळी ठेवली, भरपूर पाणी पाजलं. राहीबाई रोज तिची धुणी धुई. पुढं नळी काढली. येसू सकाळी उठली, अंथरूण चाचपलं. कोरडं होतं. पुन्हा चाचपलं, आणि रडू लागली.

लखमा न्यायला आला. येसू नाही म्हणाली. नगरातच माग घालून राहिली. राहीबाईनं तिचे पाय धरले. येसूनं तिला उठवलं आणि एकच विचारलं, "सासूबाई, माझं लेकरू कुठं पुरलंत?"

राहीबाई तिला ओढ्यापलीकडं घेऊन गेली. तिथं नांगरट झाली होती. राहीबाई इथं म्हणाली, तिथं म्हणाली. तिला जागा आठवेना. येसू ढेकळांत बसली आणि हाताला येईल त्या मातीवरून हात फिरवत राहिली.

पुढं धाकट्या सुनेला कळा लागल्या. पहिल्याच कळेला राहीबाईनं गाडी काढली. नातू झाला, रडला. राहीबाईही रडली, पण त्याला मांडीवर घ्यायला तिचे हात होईनात.

बायांनो, वसा घ्याल तर हा घ्या. कोवळ्या पोरीला बाळंतपणात लोटू नये. अडलेलीला घरात ठेवू नये. वाहणारीला खोपीत टाकू नये. जिवतीमाते, येसूचं अंथरूण जसं कोरडं झालं, तसं साऱ्या दुखणाईतांचं होवो. तिची वर्षं जशी गेली, तशी कुणा लेकीसुनेची न जावोत. साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी संपूर्ण, सुफळ करणं ऐकणारणीच्या हाती.