फणसाखालची हिरवळ

फार वर्षांपूर्वी घाटमाथ्यावरच्या एका अंगणात, दाट फणसाखाली हिरवळ राहायची. तिथे ऊन पोचत नसे, म्हणून ती पिवळी पडत चालली होती. तुळसाबाई माळीण दरवर्षी नवं बी टाकायची, खत घालायची. तरी जागोजागी टक्कल पडायचंच.

शेजारच्या दगडी पायरीवर शेवाळ होतं. ते एकदा म्हणालं, "ताई, त्या मोकळ्या जागी मी येऊ का? मला सावली मानवते."

"तुला धड मुळंही नाहीत," हिरवळ फणकारली. "ही जागा माझी आहे."

एके सकाळी धोबी पक्षी घाईघाईने आला. "विहिरीकडच्या उतारावरची माती वाहून चालली आहे. तिथे दिवसभर ऊन असतं, पण माती धरून ठेवायला एकही मूळ नाही."

दिवसभर ऊन! हिरवळीचं पातं न् पातं शहारलं. "तुळसाबाई, मला तिकडे घेऊन चला. आजच चला."

"आणि इथे गं कोण?"

हिरवळ पायरीकडे वळून म्हणाली, "मी तुला टाकून बोलले, ते चुकलं. ही सावली तुलाच शोभेल. ये."

तुळसाबाईने त्याच दिवशी दोघांना हलवलं. पावसाळा सरेपर्यंत फणसाखाली मऊ, गर्द गादी पसरली, आणि उतारावरची माती जागची हलली नाही.

"ताई, कशी आहेस?" शेवाळाने वरून हाक मारली.

"अरे, मला तुरे आलेत," हिरवळ खालून म्हणाली. "मलाही तुरे येतात, हे मला माहीतच नव्हतं!"