माहेरच्या मातीचं पिंप

एकदा काय झालं, एका उंच कातळावर एक गाव होतं. बघाल तिथे खडकच खडक. शेत नाही, परसबाग नाही. सुना यायच्या त्या खालच्या गावांतून, आणि येताना माहेरची माती पुरचुंडीत बांधून आणायच्या. ती पुरचुंडी म्हातारपणापर्यंत जपायच्या, बरं का.

त्या गावात तेल विकणारी भिकाबाई राहायची. तिची सून रेवू गरोदर राहिली, तिला डोहाळे लागले. कसले? चिंचा नकोत, बोरं नकोत. "सासूबाई, मला मातीत हात घालून बटाटा काढायचाय. माहेरी काढायचे तसा." पण त्या साली घाटाची पायवाट ढासळलेली. माहेरी जाणार कशी? रेवूचं अन्नावरचं मनच उडालं. दिवसेंदिवस ती वाळू लागली.

मग भिकाबाईने तेलाचं रिकामं पिंप राखेने घासलं, बुडाला भोकं पाडली. भोकं हवीतच हं, पाणी साचलं की बटाटा कुजलाच म्हणून समजा. खडकाच्या फटींतली माती खरवडली, तीत रेवूची पुरचुंडी रिकामी केली, शेळीच्या लेंड्या मिसळल्या, आणि टोपलीतला शेवटचा, मोड आलेला बटाटा आत पुरला.

शेजारची यमूकाकू हसली. "काय गं भिके, पिंपात शेत? उद्या घागरीत म्हैस बांधशील!"

मग कोंब वर आला. वीतभर झाला. आणि चक्क बोलला! "रेवू, मला गळ्यापर्यंत झाक. मी माती खातो, तू भाकरी खा."

"अरे, गुदमरशील!"

"नाही गं. अंधारातच तर माझी पोरं वाढतात."

मग भिकाबाईने कुजलेला पालापाचोळा आणून घातला. रेवू अर्धी भाकरी जेवली.

मग कोंब आणखी वाढला, पुन्हा तेच बोलला. भिकाबाईने कोनाड्यातून स्वतःची पुरचुंडी काढली, चाळीस वर्षं जपलेली, आणि पिंपात ओतली. रेवू अख्खी भाकरी जेवली.

मग तिसऱ्यांदा. आता माती आणायची कुठून? कोंब मान टाकू लागला. रेवूने ताट दूर सारलं. "त्याला नाही, तर मलाही नाही."

संध्याकाळी यमूकाकू पदराखाली काहीतरी लपवून आली. "घे माझी पुरचुंडी. कोणाला सांगशील तर बघ!" ती वळते न वळते तोच मागच्या दाराने दुसरी शेजारीण, गोदाक्का. मग आणखी एक, मग आणखी. प्रत्येकीचं तेच, "सांगू नकोस हं!" शेवटी अंगणात सगळ्या समोरासमोर आल्या, आणि अशा हसत सुटल्या! कोंब गळ्यापर्यंत झाकला. रेवू पोटभर जेवली.

मग पाला पिवळा पडला, वाळला. रेवूने कोपरापर्यंत हात घातला, चाचपलं, आणि तिचा चेहरा खुलला. एक बटाटा, दुसरा, मग सूपभर! सगळ्याजणींनी निखाऱ्यावर भाजून, मीठ लावून खाल्ले.

खाऊन झाल्यावर गोदाक्का म्हणाली, "आता आपापली माती परत घ्या गं."

सगळ्या पिंपात वाकल्या. यमूकाकूने मूठ भरली, निरखली, आणि परत सोडली. "यात माझी कुठली नि तुझी कुठली? राहू दे इथेच."

मग रेवूला मुलगी झाली. दर साली पिंपात बटाटे आले, आणि त्या साऱ्याजणी एकमेकींना धरून सुखाने राहिल्या. झालं. वळा बघू कुशीवर, आणि मिटा डोळे.