शिंपल्याची बटणं

"आणि नाही घासलं तर?" मल्लूनं विचारलं.

दस्तगीरचाचांनी मान वर केली नाही. तानपुऱ्याच्या भोपळ्यावर ते लाकडाचं एक एक कोरीव पान डकवत होते.

"नाही घासलं तर नाही घासलं. काठी तुझी, बटणं तुझी, हातही तुझा."

भांडायला आलेल्या माणसाला समोरच्यानं पाट मांडून बसवावं, तसं मल्लूचं झालं.

चाचांचं मिरजेतलं दुकान मूळचं सतारी-तानपुऱ्यांचं. मागे एकदा बिलियर्ड-पूलच्या क्लबातला एक गडी मोडका क्यू घेऊन आला आणि म्हणाला, सतारीची दांडी जोडता, तर खेळायची ही काठीपण जोडा की. चाचांनी ती जोडली, आणि सांधा झाकायला वर हौसेनं एक मोर बसवला. तेव्हापासून आसपासच्या गावांतली पोरं नक्षीचे क्यू करून घ्यायला येऊ लागली. कुणाला वाघ हवा असायचा, कुणाला नाग. एकाला होणाऱ्या बायकोचं नाव कोरून हवं होतं. चाचांनी त्याला लग्न लागल्यावर ये म्हणून परत पाठवलं.

मल्लूचा थोरला भाऊ इरण्णा यानंही एक क्यू सांगितला होता. मूठ शिसवाची, तिच्यावर शिंपल्याची नक्षी. मूठ कातून झाली आणि इरण्णाला कावीळ झाली. ती त्याला घेऊनच गेली.

अर्धा क्यू परत न्यायला मल्लू आला तो तिथंच बसला. शाळा अर्ध्यावर सोडलेला, डोक्यानं तापट, हातानं चलाख. हा मीच पुरा करणार, म्हणाला. चाचांनी बस म्हटलं नाही, ऊठही म्हटलं नाही. एक कानस त्याच्यापुढं सरकवली.

आज संध्याकाळी सांगलीत स्पर्धा होती. यादीत इरण्णाचं नाव होतं, तिथं मल्लूनं भांडून आपलं घालून घेतलं होतं. इरण्णाच्या क्यूनं खेळणार आणि एक तरी डाव मारल्याशिवाय घरी तोंड दाखवणार नाही, असं तो आईला सांगून निघाला होता.

क्यू तयार होता. घोडं अडलं होतं बटणांपाशी.

आईनं इरण्णाचे कपडे वाटायला काढले, तेव्हा त्याच्या खेळायच्या शर्टाची बटणं मल्लूनं दातांनी तोडून घेतली होती. खऱ्या शिंपल्याची, इरण्णानं हौसेनं शोधून लावलेली. मल्लूनं मुठीत गोल खळगे कोरले आणि एक एक बटण आत बसवलं. काम सुरेख झालं होतं. पण मूठ गोल आणि बटणं सपाट. प्रत्येकाच्या दोन कडा लाकडाबाहेर डोकावत होत्या. कानशीनं त्या उतरवायच्या, मुठीच्या गोलाईला मिळवायच्या, हे शेंबडं पोरही सांगेल. मल्लूला ते ठाऊक होतं.

"घासलं की भुगा होणार," तो म्हणाला.

"होणार."

"म्हणजे तेवढा इरण्णा गेला. आधीच काय कमी गेलाय?"

...

चाचांनी हातातलं पान खाली ठेवलं. कोपऱ्यातून काचेची एक गोटी शोधून काढली. चहाचा रिकामा कप दाराशी आडवा केला आणि गोटी फरशीच्या दुसऱ्या टोकाला ठेवली.

"घाल त्यात."

मल्लूला हसू आलं. क्लबात तो अर्ध्या टेबलावरून बॉल घालायचा. उकिडवा बसला, डावा हात टेकला, क्यू मागे ओढला आणि मारला.

गोटी कपाला वळसा घालून चपलांत शिरली.

दुसऱ्यांदा ती उंबरा ओलांडून गटाराकडं निघाली, ती चाचांनी पायानं अडवली. तिसऱ्यांदा मल्लूनं फरशीला दोष दिला. त्यानंतर दोष द्यायला काही उरलं नाही. दर वेळी क्यू पुढं जाताना बटणाची कड तळव्याला लागायची, आणि लागली की बोटं आपोआप आवळायची. धरून ठेवल्यासारखी.

चाचांनी भिंतीला टेकलेली सतारीची दांडी उचलली. गुडघे कुरकुरले, तरी खाली बसले. उभ्या आयुष्यात ते पूल खेळले नव्हते. दांडी हातात सैल धरली आणि पुढं सोडली.

गोटी सरळ कपात गेली, आणि कपाचा कान उडाला.

दोघंही कपाकडं बघत राहिले.

"आता बशीनंच प्यायचा," चाचा म्हणाले.

मल्लू फणकारला. तुमच्या दांडीवर काही नाही म्हणून जमलं, असं त्याचं म्हणणं पडलं.

"डोळे मीट. हात फिरव."

मल्लूनं डोळे मिटून दांडीवरून हात फिरवला. वरून खाली, खालून वर.

"काय लागलं?"

"काय नाही. काच आहे नुसती."

"बघ."

मल्लूनं डोळे उघडले. दांडीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत शिंपल्याची पांढरी वेल होती. पानं, कळ्या, मध्ये एक चिमणीसुद्धा.

...

त्यानं चिमणीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग क्यू मांडीवर घेतला. कानस उचलली, बटणावर टेकवली, आणि हात तिथंच राहिला.

चाचांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि त्याच्या मांडीखाली पसरला. परत जाऊन आपलं पान चिकटवू लागले.

पहिली कड मल्लूनं उतरवली. दुसरीला त्यानं नाक वर ओढलं. भुगा मैद्यासारखा बारीक, उन्हात चमचमत वर चढला आणि नेमका त्याच्या नाकात गेला. मल्लू असा शिंकला की भिंतीवरच्या सतारींच्या तारा झणझणल्या.

"इरण्णाची शिंक कशी होती?" चाचांनी विचारलं.

"याच्याहून मोठी," मल्लू म्हणाला. "गल्लीतली कुत्री उठायची. एकदा तर आईच्या हातातलं दूध सांडलं, आणि बोलणी मला बसली." आणि डोळे पुसता पुसता तो हसायला लागला. थांबेचना. चाचाही हसले. हसता हसता त्यांचं पान वाकडं चिकटलं, ते त्यांनी तसंच राहू दिलं.

कडा उतरल्या. राहिली ती बटणांची दोऱ्याची भोकं. चाचांनी पंच्यावरचा चिमूटभर भुगा गोंदात कालवायला लावला. मल्लूनं तो काडीच्या टोकानं भोकांत भरला. गोंद लगेच धरणारा होता. वरून बारीक काचकागद फिरवला, तेल चोळलं. भोकं कुठं होती ते मल्लूला स्वतःलाही सांगता येईना.

भुगा मात्र पुष्कळ उरला होता. मल्लू तो ठेवायला काही मिळतंय का म्हणून इकडंतिकडं बघू लागला. तेवढ्यात चाचांनी पंचा उचलला, दारात गेले आणि रस्त्यावर झटकला.

"अहो चाचा..."

समोरच्या पानपट्टीवाल्यानं तोंडासमोर हात हलवत, काय हो सकाळपासून, असं काहीतरी म्हटलं. वारा होता. भुगा उन्हात एकदा पांढरा चमकला आणि दिसेनासा झाला.

चाचांनी पंचा पुन्हा खांद्यावर टाकला. मुठीकडं बोट दाखवलं.

मल्लूनं डोळे मिटले आणि मुठीवरून हात फिरवला. थांबला. पुन्हा फिरवला, हळूहळू, दाबून, आंधळ्यानं तोंड ओळखावं तसा. त्याचा चेहरा उतरला.

"चाचा... लागत नाही. कुठंच लागत नाही तो."

"नाही ना लागत? मग नीघ आता. तो पुढं सांगलीला जाऊन टेबल धरून बसला असंल."